शेजारच्या लॉर्डाचा वारस

आमच्या शेजारचा म्हातारा लॉर्ड होणार आहे, हे मला पहिल्यांदा डेअरीवाल्यानं सांगितलं. इथं कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दुकानदार गुजराती, त्याच्याशी माझं मोडक्या हिंदीत चालतं. मी दही घ्यायला गेले होते. म्हातारा माझ्या पुढं उभा होता, पायात रबरी चप्पल, स्वेटरच्या कोपराला भोक, हातात पावाचा पुडा. तो गेल्यावर डेअरीवाला हसत म्हणाला, इंग्लंडमध्ये यांचा कुणी चुलतभाऊ वारलाय, त्याला मूलबाळ नव्हतं, आता पदवी यांच्याकडं येणार. वाड्यासकट का, मी विचारलं. नाही म्हणे, वाडा कधीच विकला, नुसती पदवी, तिचीच कागदपत्रं चाललीयत.

मी विश्वास ठेवला नाही. नुसतं नाव यायला कागद कशाला लागतात, आणि कागद लागत असतील तर नुसतं नाव कसं, असं माझ्या डोक्यात आलं.

इथं न्यूझीलंडात, अप्पर हटला येऊन मला आठ वर्षं झाली. मुलगा सकाळी गाडीनं वेलिंग्टनला जातो, सून घरातूनच कॉम्प्युटरवर काम करते. मी चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी बोलताना अडखळते, पण ऐकलेलं बरंचसं कळतं. म्हाताऱ्याची ओळख खांद्यामुळं झाली. त्याचा उजवा हात वर जात नव्हता. कुंपणापलीकडं तो डाव्या हातानं कपडे वाळत घालताना मी रोज बघायचे. एक दिवस मी तेलाची वाटी घेऊन गेले आणि खुणेनं म्हटलं, बसा. तीळतेलात लसूण घालून तापवलेलं होतं. त्यानं नाक मुरडलं, पण बसला. आठ दिवसांनी हात कानापर्यंत जायला लागला. मग दर रविवारी मी जायचे आणि तो मला त्याच्या झाडाची लिंबं द्यायचा.

हे माझं कामच होतं. साताऱ्यात मी चाळीस वर्षं बाळंतिणींना न्हाऊ घातलं. पहाटे उठून पाणी तापवायचं, आईला मालिश, बाळाला मालिश, मग शेक, मग धुरी, मग आईचं पोट बांधायचं. दिवसाला चार घरं. हाताला कळतं, कोण दुखणं लपवतंय, कोण रात्रभर रडलंय. तोंडानं बाई काहीही सांगो.

म्हाताऱ्याचा एक मुलगा आहे, पन्नाशी उलटलेला. छपरावर पत्रे बसवायचं काम करतो. मी त्याला मनात छपरवालाच म्हणते. बायको त्याला सोडून गेली, पोरंबाळं नाहीत. दर रविवारी त्याची मोठी गाडी यायची, मागं शिडी बांधलेली. तो बापाचं गवत कापायचा, छपराच्या पन्हळीतली पानं काढायचा, जेवायला मासे तळायचा. मला आंटी म्हणायचा.

लॉर्डकीचं सगळं तोच बघत होता. इंग्लंडच्या वकिलाचं पत्र आलं होतं. पदवी बापाकडून मुलाकडं जाते, मुलगा नसला तर भावाकडं, पुतण्याकडं, अशी फांदीफांदीनं उतरत येते. म्हाताऱ्याचा आजा धाकटा मुलगा होता, नशीब काढायला बोटीनं इथं आला आणि मेंढ्या राखून मेला. वरच्या सगळ्या फांद्या वाळल्या आणि ती पदवी येऊन या म्हाताऱ्याच्या डोक्यावर थांबली. वकिलाला आजाच्या, बापाच्या, म्हाताऱ्याच्या जन्माचे आणि लग्नांचे दाखले पाहिजे होते. आणि त्याच्या मागं कोण, तेही पाहिजे होतं.

छपरवाला आधी चेष्टाच करायचा. कामावरचे त्याला खालून ओरडतात म्हणे, लॉर्डसाहेब, पत्रा सोडू का वर. पण मी बघत होते, त्यानं सगळे दाखले एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावले होते. त्या फाइलला हात लावायच्या आधी तो हात धुवायचा. मासे तळणारा माणूस, एरवी पँटलाच हात पुसणारा. म्हणजे चेष्टा वरवरची होती.

म्हाताऱ्याचं मात्र मला काही खरं वाटेना. वकिलाचा एक फॉर्म होता, चार-पाच पानांचा. मुलगा समोर ठेवायचा, म्हातारा लिहायला लागायचा. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर मधोमध एका ओळीशी पेन थांबायचं. मग त्याला खोकला यायचा, नाहीतर चहा प्यायचा असायचा, नाहीतर चष्मा सापडायचा नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तीच ओळ. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण जागा बघून ठेवली होती मी. तीन रविवार पेन तिथंच थांबलं. चौथ्या रविवारी फॉर्मच सापडेना. मुलगा घर धुंडाळत होता आणि म्हातारा खिडकीतून लिंबाकडं बघत होता. मी माशांबरोबरचे बटाटे काढायला त्याच्या बटाट्याच्या पोत्यात हात घातला तर तळाशी कागद लागले. मी हात रिकामाच बाहेर काढला.

कारण असले कागद लपवलेले मी आधी पाहिलेत.

मला मूल झालं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आम्ही माझ्या बहिणीचा तिसरा मुलगा दत्तक घेतला. भटजी आले, होम झाला, भावकीतले चाळीस जण जेवले. बहिणीनं पोरगं उचलून माझ्या मालकांच्या मांडीवर ठेवलं, बत्तासे वाटले, दत्तकपत्राची नोंद केली. पोरगं चार वर्षांचं झालं आणि मालक गेले. वारसाची नोंद लावायची नोटीस आली ती दिरानं घेतली आणि धान्याच्या कणगीत दाबून ठेवली. मुदत गेल्यावर गावात सांगायला लागला, भावाला मूल नव्हतं, ते पोरगं त्याच्या साडूचं. घराच्या जागेवर एकट्याचं नाव लावलं त्यानं. मी पोराला काखेला मारून तहसीलला जायचे. सकाळी चार बाळंतिणी करायच्या, मग एसटी, मग बाकावर बसायचं. साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत. पोरगं सहावीत गेलं तेव्हा निकाल लागला. साहेबानं दत्तकपत्र वाचलं आणि दिराला म्हणाला, हा त्याचा मुलगाच आहे, पोटचा असता तर जेवढा असता तेवढाच. ते शब्द मी पाठ करून ठेवलेत.

तेव्हापासून कागद लपवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. मला वाटलं, हा म्हातारा लबाड आहे. याच्या आजाचं काहीतरी खोटं असणार. नाहीतर याचंच. मुलगा बिचारा हात धुऊन फाइल उघडतोय आणि बाप त्याला खेळवतोय. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, आई, आपल्याला काय करायचंय, तुम्ही तेल लावा आणि या.

पुढच्या रविवारी छपरवाल्यानं वकिलाकडून दुसरा फॉर्म मागवून आणला. बरोबर एक पुठ्ठ्याचा खोका, त्यात आईचे फोटो. आई जाऊन त्याला सहा वर्षं झाली. म्हातारा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला, एक बाही काढलेली, मी मागं उभी राहून खांदा चोळत होते. मुलगा टेबलावर फोटो मांडत होता. हे आजोबा, ही त्यांची मेंढरं, हे आईबाबांचं लग्न. मग एक फोटो त्यानं माझ्यापुढं धरला.

"आंटी, हा बघ मी. मागं आईनं लिहिलंय, एकोणीस दिवसांचा."

चर्चच्या पायऱ्यांवर बाई उभी होती. कमरेला घट्ट पट्टा. उंच टाचांचे बूट, ताठ उभी. चेहरा कोरडा, गाल बसलेले नाहीत की सुजलेले नाहीत. छाती सपाट, वर पातळ रेशमी ब्लाउज. एकोणीस दिवसांची बाळंतीण अशी उभी राहत नाही. मी हजारभर बघितल्यात. ती कमरेतून मागं रेलते, पाय फाकवून टेकवते, छातीला पातळ कपडा चालत नाही, पाझर फुटतो. या बाईच्या पोटातून एकोणीस दिवसांपूर्वी काही आलेलं नव्हतं.

आणि त्याच वेळी माझ्या हाताखाली म्हाताऱ्याचा खांदा लाकडासारखा झाला. मी फोटोकडं किती वेळ बघतेय ते त्याला कळलं होतं.

मला सगळं एकदम उलगडलं. कोरी ओळ, खोकला, बटाट्याचं पोतं. आणि काय वाटलं सांगू, हायसं वाटलं. मनात म्हटलं, एवढंच होय. याला वाटतंय दत्तक मुलाला पदवी मिळणार नाही, म्हणून घाबरलाय वेडा. याला सांगायला पाहिजे, दत्तक टिकतो. मी स्वतः टिकवून दाखवलाय. त्यातला इंग्रजी शब्द तर मला पक्का येत होता, कारण माझ्या व्हिसाच्या वेळी त्या एका शब्दासाठी मुलानं दत्तकपत्राचं भाषांतर करून दिलं होतं आणि इथल्या सरकारनं ते मानलं होतं.

मी म्हाताऱ्याच्या खांद्यावर थोपटलं आणि माझ्या इंग्रजीत म्हटलं, "नो प्रॉब्लेम. ॲडॉप्टेड सन, सेम सन. ही ऑल्सो लॉर्ड. माय सन ऑल्सो ॲडॉप्टेड."

मुलाच्या हातात तो फोटो तसाच होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं.

"डॅड, आंटी काय म्हणतेय?"

म्हातारा नाही म्हणाला असता तर अजूनही निभावलं असतं. मी एक अडाणी बाई, इंग्रजी येत नाही, काहीतरी भलतंच बोलले, असं झालं असतं. पण त्यानं नाही म्हटलं नाही. बाही शोधत राहिला, आणि हात बाहीत जाईना. मी घालायला गेले तर त्यानं माझा हात बाजूला केला.

मुलगा उठला. फोटो टेबलावर उलटा ठेवला आणि बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"तुला कुणी सांगितलं?" म्हातारा मला म्हणाला. मी फोटोवर बोट ठेवलं. त्याला खरं वाटलं नाही. डेअरीवाला का, त्यानं विचारलं, की तुझी सून? कॉम्प्युटरवर काय काय सापडतं आता. मी नाही म्हणून मान हलवत राहिले. शेवटी तो म्हणाला, घरी जा. तेलाची वाटी तिथंच राहिली.

घरी मुलगा आणि सून दोघंही हादरले. मुलगा म्हणाला, "आई, असं कुणी तोंडावर बोलतं का?"

मी म्हटलं, "तू पाच वर्षांचा असताना मी तुला सांगितलं की. तू म्हणालास बरं, आणि चेंडू घेऊन खेळायला गेलास."

"इथं तसं नव्हतं, आई."

मग सुनेनं समजावलं. इथं त्या काळी लग्नाआधी बाळ झालं की पोरीकडून ते काढून घ्यायचे, दुसऱ्यांना द्यायचे, आणि जन्माच्या दाखल्यावर नव्याच आईबापाचं नाव घालायचे. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, मुलालासुद्धा नाही. होम नाही, भावकी नाही, बत्तासे नाहीत. आणि लॉर्डकीचं म्हणाली, ती रक्तानंच जाते. दत्तक घेतलेल्याला घर देता येतं, शेत देता येतं, आडनाव देता येतं, पदवी नाही. तिथला कायदाच तसा आहे.

मी म्हटलं, कसली माणसं ही. आपल्याकडं राजांनी दत्तक घेऊन गादीवर बसवले.

"आपल्याकडं," मुलगा म्हणाला, आणि ताटावरून उठला.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटून घेत बसायची मला सवय नाही. मी कुंपणाशी उभी राहायला लागले. दोन रविवार छपरवाल्याची गाडी आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, तो खाली उतरला, बापाच्या शेडमधून आपली दुसरी शिडी काढली, गाडीवर बांधली आणि घरात न जाता निघून गेला. शिडी नेली म्हणजे पुन्हा यायचं नाही, असा मी अर्थ काढला. म्हाताऱ्यानंही तोच काढला असणार, कारण त्यानंतर त्याचे कपडे दोरीवर आले नाहीत. लिंबं झाडाखाली पडून कुजायला लागली. मी डबा नेला तर दार उघडलं नाही. डबा पायरीवर ठेवला, संध्याकाळी तसाच परत आणला. झाकण उघडून पुन्हा लावलेलं होतं. म्हणजे बघितलं होतं, खाल्लं नव्हतं. मी त्यात काय घातलं असेल असं वाटलं असेल त्याला.

मग एका रविवारी, पाऊस लागला होता, गाडी आली ती आमच्या दारात थांबली. छपरवाला दारात उभा. सून उठून आली, तिला म्हणाला, तुम्ही सांगा तिला, मला विचारायचंय. मग माझ्याकडं वळून हळू हळू बोलला, मला कळावं म्हणून.

"फोटोत काय दिसलं? खरं सांग. कुणी सांगितलं असेल तर तेही सांग."

त्यालाही माझा संशयच होता. त्यानं तो फोटो खिशातून काढला. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. मी त्याला आत बसवलं आणि सुनेला म्हटलं, मी बोलते ते नीट सांग, मधे घालू नकोस काही. मग दाखवलं. हा पट्टा, या टाचा, ही छाती. बाळंतीण कशी उभी राहते ते उठून उभी राहून दाखवलं. सून लाजत लाजत सांगत होती. तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, म्हणजे तुला कुणीच सांगितलं नाही. नाही, मी म्हटलं. तुझ्या आईच्या पोटानं सांगितलं.

तो उठायला लागला. मी म्हटलं, बस, अजून आहे.

फोटोत बाईच्या मागं म्हातारा उभा आहे, तेव्हाचा जवान. बाळ बाईच्या हातात आहे, पण तिला धरता येत नाहीये, लांब धरलंय, भांडं धरावं तसं. आणि म्हाताऱ्यानं मागून हात घातलाय. सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत, हा बाळाच्या मानेकडं बघतोय. त्याची चार बोटं मानेखाली आहेत आणि अंगठा कानाच्या मागं. मी बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, अशी मान पहिल्या दिवशी कुणालाच धरता येत नाही. मी घराघरात शिकवलंय, बापांना तर महिनामहिना जमत नाही, घाबरतात. याला एकोणिसाव्या दिवशी जमतंय. म्हणजे हे बाळ घरात आल्यापासून यानंच धरलंय. तिच्यापेक्षा जास्त यानं.

सुनेनं सांगितलं. छपरवाल्यानं फोटो पुन्हा पिशवीत घातला. पावसाचा पत्र्यावर आवाज येत होता. त्यानं वर बघितलं, तुमचा एक पत्रा सैल आहे म्हणाला, आणि उठून शेजारी गेला.

तिथं काय बोलले मला माहीत नाही, मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी कपडे दोरीवर आले.

पुढच्या रविवारी मला बोलावणं आलं. टेबलावर फॉर्म होता. म्हाताऱ्यानं तिसरं पान काढलं आणि त्या ओळीवर लिहायला लागला. कागद सरकत होता, मुलानं तो दोन बोटांनी दाबून धरला. काय लिहिलं ते मुलानं मला वाचून दाखवलं. एक मुलगा, दत्तक. बायकोला शब्द दिला होता म्हणे म्हाताऱ्यानं, कधी सांगणार नाही असा. लिहून झाल्यावर तो म्हणाला, माझ्यानंतर ती पदवी कुण्या ऑस्ट्रेलियातल्या माणसाकडं जाईल, टायर विकतो. जाऊ दे, मुलगा म्हणाला.

फॉर्म गेला. उत्तर अजून आलेलं नाही. येईल की नाही, म्हातारा खरंच लॉर्ड आहे की वकिलांचा काही खेळ आहे, मला अजून शंका आहे. छपरवाल्याला कामावर अजून लॉर्डच म्हणतात, त्यानं त्यांना काही सांगितलेलं नाही. त्याच्या मनात बापाबद्दल काय उरलंय, माझ्याबद्दल काय, तेही मी छातीठोक सांगू शकत नाही. कधीकधी गवत कापता कापता तो मशीन थांबवतो आणि घराकडं बघत उभा राहतो. काय बघतो, कुणास ठाऊक.

पण परवा त्यानं माझ्या हातातली तेलाची वाटी मागून घेतली. मी दाखवते, म्हटलं. तो बापाच्या मागं उभा राहिला, बाही मुडपली. हात जड, पत्रे ठोकणारा हात. म्हातारा दात आवळून बसला, पण हूं की चूं करेना.

"हळू," मी म्हटलं. "पत्रा नाही तो."

मुलानं बोटं उचलली, पुन्हा ठेवली, चार खाली आणि अंगठा मानेमागं. मी कांदे निवडत बसले होते. तिथूनच मला दिसलं, खांदा खाली आला.